रेवती-कृत्तिकेपासून सई-प्रियापर्यंत

मराठीतल्या प्रेमाच्या विनोदी गोष्टी आठवल्या की आधी नायक डोळ्यांपुढे येतात. माझ्या लेखी मात्र अशा गोष्टीची प्रत ठरते ती तिच्यातल्या दुसऱ्या बाईवरून. लेखकानं तिलाही अक्कल, आब आणि हशा घेण्याची जागा दिली असेल, तर पहिलीचं लाघवही उजळून निघतं. ती नुसती वाटेतली धोंड म्हणून आली, की दोघींचाही रंग उतरतो.

हे माप सांगलीनं फार पूर्वी घालून दिलं आहे. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून (त्याच्याही मागे मोलिएर आहे) त्यांनी 1893 साली ‘फाल्गुनराव’ लिहिलं आणि त्याचंच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. ते 1916 साली गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी गेले. रेवती नायकिणीची मुलगी, पण बोलण्या-वागण्यात अशी घरंदाज की अश्विनशेठसारखा सज्जन तिच्यात गुंतावा. तिच्यासमोर फाल्गुनरावांची बायको कृत्तिका. तिला गाण्याची मोहिनी नाही, तारुण्याचं वलय नाही. आहे ती धारदार जीभ आणि नवऱ्यावर खिळलेली नजर. रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला नवरा सावरतो आणि ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि आता संशय घेण्याची पाळी नवऱ्याची येते. म्हणजे सगळा कल्लोळ या दोघींच्या हातून चालतो. रेवती बालगंधर्वांनी गाजवली, त्यांचं नागठाणेही याच मुलखातलं. तरीही नटीचा खरा कस लागतो तो कृत्तिकेत, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. चांगली कृत्तिका प्रेक्षकांना हसवते आणि स्वतः एकदाही हसत नाही.

पडद्यावरच्या ‘लाखाची गोष्ट’चे (1952) धागेही सांगली-साताऱ्यातच येऊन पोहोचतात. त्याची पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर माणदेशातले, त्यांचं माडगूळ आज सांगली जिल्ह्यात आहे. आणि नायक राजा गोसावी साताऱ्याच्या सिद्धेश्वर कुरोलीचे. दिग्दर्शक राजा परांजपे यांनी नायिका म्हणून दोन सख्ख्या बहिणी घेतल्या. सुखटणकरांच्या घरच्या कुमुद आणि कुसुम, गदिमांनी ठेवलेल्या नावांनी रेखा आणि चित्रा झाल्या. बहिणी असल्यामुळे एकमेकींवर कुरघोडी करण्याची धडपड दोघींत दिसत नाही. साधी साडी, नीट बोलणं, मध्यमवर्गीय घरातली वाटावी अशी सहजता; त्या काळात पडद्यावरच्या शालीनतेची ही नवी तऱ्हा होती. चित्रा पुढच्याच वर्षी पु. लं.च्या ‘गुळाचा गणपती’त नायिका झाली. रेखा कामतांची कारकीर्द मात्र लांबली. ‘प्रपंच’ मालिकेतली आणि ‘अगंबाई अरेच्चा’मधली आजी पाहिलेल्या पिढीला ती एके काळची नायिका आहे हे ठाऊकही नसेल. रेखा 2022च्या जानेवारीत गेल्या, चित्रा 2023च्या जानेवारीत.

ऐंशीच्या दशकात ‘गोंधळात गोंधळ’ (1981) आणि ‘मुंबईचा फौजदार’मध्ये (1984) रंजना आणि प्रिया तेंडुलकर समोरासमोर आल्या. गावरान ठसका रंजनाचा, शहरी सफाई प्रियाची. पण ‘फौजदार’मध्ये पारडं आधीच झुकवलेलं आहे. प्रियाच्या वाट्याला फारसा विनोदच नाही आणि हा तिच्यावर अन्याय आहे, कारण ‘रजनी’ मालिकेत ती काय ताकदीनं उभी राहिली ते 1985 साली सगळ्या देशानं पाहिलं. रंजनाला तोड नव्हती, हेही तितकंच खरं. 1987च्या अपघातानं तिला पडद्यापासून तोडलं, हे मराठी विनोदी चित्रपटाचं न भरून आलेलं नुकसान.

‘अशी ही बनवाबनवी’त (1988) चार नायिका आहेत, पण वसंत सबनीसांच्या लेखणीनं आब दिला तो अश्विनी भावेच्या माधुरीला. तिची लिंबू रंगाची साडी लोकांना अजून आठवते ती उगाच नव्हे.

मग सांगलीची सई ताम्हणकर आली. कबड्डी खेळलेली ही मुलगी आणि दादरची प्रिया बापट ‘टाइम प्लीज’मध्ये (2013) एकत्र दिसल्या. तिथे सईकडे पुन्हा दुसरी बाईच होती. सचिन कुंडलकरांच्या ‘वजनदार’नं (2016) मात्र घडी मोडली. पाचगणीतल्या दोन मैत्रिणी, वजन कमी करण्याचा त्यांचा खटाटोप, आणि पुरुष सगळे बाजूला. भूमिकेसाठी दोघींनी खरोखर वजन वाढवलं. प्रियाची गंमत शब्दांच्या फेकीत आहे. ‘टाइम प्लीज’ त्यामुळेच तिचा. ‘वजनदार’मध्ये मात्र सासरच्या धाकात वावरणारी सईची कावेरी न बोलता जे करते, त्याला माझं मत आहे. कृत्तिकेची भूमिका आज कुणी पडद्यावर आणणार असेल, तर त्यानं आधी सईला विचारावं.