रुई, कडी आणि चिलखत

मराठाकालीन चिलखताची प्रतिकृती करायची तर आधी साल आणि माणूस ठरवावा लागतो. ‘शिवकालीन’ एवढ्या शब्दावर भागत नाही. निजामशाहीत चाकरी करणाऱ्या सरदाराच्या अंगावर १६२५ च्या सुमारास जे असेल, ते पेशवाई फौजेतल्या स्वाराच्या अंगावर असेलच असे नाही. बारगिराचे संरक्षण तर दोन्ही काळांत सरदारापेक्षा निराळे होते. साल चुकले की टोपापासून मोजड्यांपर्यंत सगळेच चुकत जाते.

सिंदखेडराजा तालुक्यात हा प्रश्न फार नेमकेपणाने विचारता येतो. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना दुसरबीड लागते आणि तिथून पुढे थोड्याच अंतरावर जिजाऊंचे वडील लखुजी जाधव यांचा वाडा व समाधी आहे. लखुजी १६२९ मध्ये दौलताबादेला निजामशाही दरबारात मारले गेले. याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्यास १७२४ च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या निजामाने मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवले. १७५७ च्या डिसेंबरात खुद्द सिंदखेडच्या परिसरात मराठे आणि निजामाची फौज भिडली. एका तालुक्यात तीन साले, म्हणजे तीन वेगळे पोशाख. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी गावोगावची मंडळी सिंदखेडराजाला जमतात तेव्हा मात्र मावळ्यांच्या वेशातली बहुतेक मुले एकाच साच्यातली दिसतात: छातीवर चंदेरी रंगाचा फोम किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा, खांद्यावर खवले, डोक्यावर जिरेटोप. मिरवणुकीला ते शोभते. पण तो साचा सिनेमाचा आहे. आत रुईचा थर नसतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

पुरावा शोधताना चित्रे सर्वांत सोपी वाटतात आणि सर्वांत जास्त चकवतात. शाहजहानचा पादशाहनामा आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यात १६३३ च्या दौलताबादच्या वेढ्याचे चित्र आहे, म्हणजे लखुजींच्या खुनानंतर अवघ्या चार वर्षांचा प्रसंग. स्वारांचे टोप, दस्ताने आणि घोड्यांच्या झुली त्यातून कळतात, पण चित्रकार दरबारचा आणि पक्ष मोगलांचा, हे विसरून चालत नाही. शिवाजी महाराजांच्या समकालीन चित्रांत अंगरखा, पगडी, पट्टा दिसतो. चिलखत दिसत नाही. गावोगावच्या वीरगळांवर ढाल-तलवार स्पष्ट असते, पण अंगावर काय आहे ते दगडात उतरत नाही. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरीत शस्त्रागारातल्या वस्तूंची यादी आहे: जिरह, बगतर, जोशन, चार आईना, दस्तवाना, चिलखतावरून घालायचा थरांचा झगा, पायांसाठी लोखंडी मोजे. नावे पक्की करायला ती यादी फार उपयोगी पडते. मात्र ती अकबराच्या कोठाराची यादी आहे, दख्खनी पागेची नव्हे.

अफझलखानाशी झालेल्या प्रतापगडच्या भेटीची, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ ची वर्णने या कामाला वेगळ्या कारणाने मोलाची ठरतात. अंगरख्याखाली चिलखत आणि पगडीखाली लोखंडी टोप, असा शिवाजी महाराजांचा पेहराव त्यांत येतो. लोखंड दिसू न देता घालता येत होते, याचा अर्थ ते अंगाला बिलगणारे, लवचीक, कड्यांचे होते. छातीवर ताठ पत्रा असता तर मलमलीखाली तो लपला नसता.

शेवटी हात टेकावे लागतात ते प्रत्यक्ष वस्तूंपाशी. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग: वऱ्हाडातल्या माणसाला यांतले एखादे तरी गाठता येते. दख्खनी चिलखतांचा मोठा साठा बिकानेरला गेला. १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला पडला तेव्हा बिकानेरचा राजा अनुपसिंह याने तिथली शस्त्रे आपल्याकडे नेली. त्यांतल्या अनेक वस्तूंवर देवनागरीत ठोकलेल्या नोंदी आहेत आणि काही पुढे परदेशांतल्या संग्रहांत पोचल्या. नोंद असलेली वस्तू हाती लागणे म्हणजे साल आणि मुलूख दोन्ही मिळणे.

संग्रहालयाच्या पाटीवर विसंबून मात्र राहू नये. पाटीवर ‘मराठा, १७ वे शतक’ लिहिलेले आणि कपाटात बारीक तारेच्या, नुसती टोके टेकवलेल्या कड्यांचा सदरा, असे होऊ शकते. अशा कड्या झटका बसला की उघडतात; त्या बहुधा उशिराच्या, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, मिरवण्यासाठी केलेल्या वस्तू असतात. लोखंडी कड्यांत पितळी कड्या गुंफून चौकटीची नक्षी काढलेले गंगाजमनी सदरे डोळ्यांत भरतात, आणि प्रतिकृती करणाऱ्याला हटकून तेच आवडतात. लढाईच्या चिलखताची कडी रिबीट मारून बंद केलेली असते. काचेला नाक लावून, तिरक्या उजेडात, कडीवर बारीक उंचवटा आहे का ते पाहावे. शिवाय कडीचा आतला व्यास, तारेची जाडी, गळ्याचा चिरा पुढे की खांद्यावर, घेराला मागे-पुढे फाट किती वर आहे आणि दुरुस्तीची ठिगळे कुठे आहेत, हे टिपावे लागते. ठिगळे बोलकी असतात. एका जागी वेगळ्या जाडीच्या कड्या दिसल्या की सदरा वापरात होता असे धरायला हरकत नाही.

आता रुई. मराठा फौजेचा कणा हलका स्वार होता. दूरची दौड, थोडे सामान, झटपट माघार. त्यातल्या बहुतेकांना लोखंडी चिलखत परवडतही नव्हते आणि सोयीचेही नव्हते. त्यांचा भरवसा रुई भरलेल्या जाड बंडीवर, पगडीच्या फेट्यांवर आणि ढालीवर. हिंदुस्थानात ही रीत सर्वदूर होती. टिपूच्या काळातली म्हैसूरकडची रुईभरती चिलखते आणि शिरस्त्राणे आजही इंग्लंडमध्ये जपलेली आहेत. सरदार लोखंड घाली तेव्हाही त्याखाली रुई लागेच. कड्यांचे विणकाम तलवारीची धार अडवते, घावाचा दणका अडवत नाही. नुसत्या कड्यांवर घाव बसला तर कातडी फाटणार नाही, पण गळपट्टीचे हाड मोडेल. दणका खाते ती रुई.

दुसरबीड कपाशीच्या मुलखात आहे, तरी शेतातून बोंड आणून काम लगेच सुरू करता येत नाही. आज वऱ्हाडात दिसते ती बहुतांशी अमेरिकी जातीची, लांब आणि मऊ धाग्याची कपाशी. ती या देशात रुजली ती इंग्रजी अमलात. सतराव्या शतकातला कापूस गावरानी, आखूड आणि जाड धाग्याचा. तो दाबला तरी पुन्हा फुगतो, म्हणून गाद्या-उशांना आजही लोक तोच मागतात. बंडीत लांब धाग्याची रुई भरली तर ती लवकर बसते, पातळ होते आणि वजन तेवढेच राहून आधार जातो. गावरानी रुई मिळाली तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावी, पण फार मोकळी करू नये.

शिवण गोधडीच्या जातीची, फरक ताणाचा आहे. आत-बाहेर मांजरपाट, मध्ये रुईचे थर, मेण लावलेला जाड दोरा आणि बोटभर अंतरावर उभ्या ओळी. प्रत्येक ओळ घालताना कापड आत ओढले जाते. मापाने बेतलेली बंडी शिवून झाल्यावर छातीला बसत नाही, त्यामुळे कापड घेराला चांगले हातभर जास्त धरून आधी शिवतात आणि मग कापतात. खांदे व छाती जाड, काख आणि कोपराची आतली बाजू पातळ. काखेत भर राहिली तर हात डोक्यावर जात नाही, आणि ज्याचा हात वर जात नाही त्याने पट्टा फिरवायच्या गोष्टी करू नयेत. घोड्यावर बसायचे असल्याने मागे-पुढे फाट लागते, दोन्ही बाजूंना नव्हे. सिनेमातले अर्धे वेश नेमके इथेच चुकतात.

कडीचे काम लोहाराचे कमी आणि सोनाराच्या सवयीचे जास्त. जुन्या काळी तार जंतरातून ओढून बारीक करत. आज स्लॅबच्या सळ्या बांधायची काळी, मऊ बायंडिंग तार हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात किलोवर मिळते. १८ गेजची तार साधारण १.२ मिमी भरते आणि ती या कामाला बरी. जस्ताचा मुलामा असलेली चकचकीत तार घेऊ नये: तापवली की जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. तार लोखंडी दांडीवर घट्ट गुंडाळून लांब स्प्रिंग करतात आणि छन्नीने एकेक वेटोळे तोडतात. कडी रिबीट मारून बंद करायची असल्याने टोके एकमेकांवर चढवावी लागतात. त्यात व्यास घटतो, तेव्हा ८ मिमीची कडी हवी तर दांडी त्याहून जाड धरतात.

तोडलेल्या कड्या तारेत ओवून भट्टीत लाल होईपर्यंत तापवायच्या आणि राखेत सावकाश थंड होऊ द्यायच्या. पाण्यात बुडवल्या तर थंड लवकर होतात, पण हवी तशी मऊ येतीलच याचा भरवसा नाही. मऊ कडीची चढवलेली टोके ऐरणीवर ठेवून हातोडीचा एकच ठोका. तो कमी पडला तर भोक पाडायला जागा राहत नाही, जास्त झाला तर टोक कागदासारखे होऊन फाटते. मग कडक पोलादाचा बारीक सुंबा घेऊन भोक पाडतात. इथे ड्रिल चालत नाही: ड्रिल धातू काढून टाकतो, सुंबा तो बाजूला सारतो आणि भोकाभोवती काठ टिकतो. त्या भोकात तारेचा तुकडा घालून, जबड्यात खळगा केलेल्या पकडीने दाबले की त्याचे डोके गोल बसते. संग्रहालयाच्या काचेतून दिसलेला उंचवटा तो हाच.

सगळ्याच कड्यांना रिबीट लागते असे नाही. अनेक जुन्या चिलखतांत एक ओळ रिबीटच्या कड्यांची तर पुढची अखंड कड्यांची असते. अखंड कडीसाठी बाजारातला वायसर चालतो, पण त्याची कड तीक्ष्ण असते. वाळूसोबत पोत्यात घोळवून ती मारावी लागते, नाहीतर रुईची बंडी महिन्याभरात कातरून निघते. प्रत्येक कडीत चार कड्या ओवायच्या. कमरेखालपर्यंतच्या, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याला २५,००० कड्या धरल्या तर निम्म्या, म्हणजे १२,५०० कड्यांना रिबीट मारावे लागते. हात बसल्यावर एका कडीला एक मिनिट धरले तरी २०० तासांच्या वर जाते. १.२ मिमी तारेच्या हिशेबाने वजन सहा-सात किलो. अॅल्युमिनियमचा तोच सदरा दोन-अडीच किलोत होतो, आणि म्हणूनच तो चालताना फडफडतो. लोखंडासारखा अंगावर सांडत नाही.

विणीला दिशा असते. एका बाजूने टांगले की ती आपल्या वजनाने मिटते आणि अंगाला धरते. तीच नव्वद अंशांत वळवली की उघडी राहून फाकते. नवशिका चौकोनी तुकडे विणून ते वाटेल तसे जोडतो, मग बाह्या एकीकडे ओढतात आणि धड दुसरीकडे. काखेत कड्या वाढवून आणि कमरेत कमी करून आकार द्यावा लागतो.

छातीला पट्ट्यांचे बख्तर हवे असेल तर विणीतच लोखंडी पट्ट्या ओळीने गुंफतात आणि पुढचे मोठे पत्रे चामडी पट्ट्यांनी व बकलांनी बंद होतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला शाहजहानचा सदरा याच जातीचा असून त्यावर हिजरी १०४२, म्हणजे इ.स. १६३२-३३ साल आहे. जाधवरावांच्या काळाचे काम करणाऱ्याला याहून जवळचा सालवार नमुना शोधूनही सापडणे कठीण. छाती, पाठ आणि दोन कुशींना चार पत्रे बांधायचा चार आईना हा वरचा अलंकार; तो असलाच पाहिजे असे नाही. टोप एका पत्र्यातून ठोकून काढणे हे कसबी हाताचे काम आहे. बहुतेक ठिकाणी दोन अर्ध्या वाट्या वेल्ड करून सांधा घासतात. नाकपट्टी वरखाली सरकणारी हवी, आणि मागची कड्यांची झालर खांद्यावर टेकेल इतकी, नाहीतर मान उघडी पडते.

अंगावर चढवायचा क्रमही ठरलेला आहे: सुती कुडते, रुईची बंडी, कड्या आणि वर अंगरखा. सगळ्यात शेवटी कमरेला शेला आवळतात. तो शोभेसाठी नसतो. आवळल्यावर सदऱ्याचे बरेच वजन कमरेवर उतरते आणि खांदे मोकळे होतात. शेला न बांधता दोन तास उभे राहिलेल्याला दुसऱ्या दिवशी मान वळवता येत नाही. जानेवारीच्या सकाळी हा सगळा जामानिमा उबदार वाटतो. १९ फेब्रुवारीच्या दुपारी आणि तिथीने येणाऱ्या फाल्गुनातल्या शिवजयंतीला तोच अंगाची भट्टी करतो, आणि घामाने ओली झालेली बंडी किलोभर जड होते. दांडपट्टा-लाठीचे खेळ करणारी मंडळी अंगावर काही न चढवता मैदानात उतरतात, त्याला हेही एक कारण आहे. सोबतची हत्यारे बोथटच असावी लागतात: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते.

उतरवल्यावर बंडी उलटी करून सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर वरचा थर वाळतो आणि आतली रुई कुबट राहते. कड्या कोरड्या फडक्याने टिपून कोरड्या वाळूसह गोणपाटात घालून घोळवल्या की गंज सुटतो. एकेक कडी घासत बसायचे काम नाही. नंतर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. तेल जास्त झाले तर ते चिकट होऊन धूळ धरते आणि पुढच्या वेळी बंडीवर काळे वळ उठतात. टांगून मात्र ठेवायचे नाही. वर्षभर खुंटीला लटकलेल्या सदऱ्याच्या खांद्यांवरच्या कड्या आपल्याच वजनाने ताणून लांबोळ्या होतात. पसरट पेटीत, घडी न घालता, गुंडाळून ठेवतात.