रोमची सहल आणि बाबांचे इन्शुलिन

या सदरात आपण नेहमी कोलेस्टेरॉल आणि ४०१(के) यांच्याविषयी वाचतो. मी ना डॉक्टर, ना अर्थतज्ज्ञ. पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा साधा इंजिनिअर. तरी सहलीची ही हकिगत याच सदरात का, ते वाचताना कळेलच.

मे २०२५ मध्ये पुण्याहून आलेले आई-बाबा, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि मी असे पाच जण न्यू जर्सीहून सहा दिवसांसाठी रोमला गेलो. बाबांना मधुमेह आहे. ते सकाळी १४ आणि रात्री १० युनिट इन्शुलिन घेतात. निघताना मी त्यांना ठामपणे सांगितले, "बाबा, विमानात १०० मिलिलिटरच्या वर द्रवपदार्थ जवळ ठेवू देत नाहीत. बाटल्या मोठ्या बॅगेत टाका." बाटली होती १० मिलिलिटरची! शिवाय औषधांना त्या नियमातून सूट असते. पण सुनावणारा मुलगा इंजिनिअर, त्यामुळे बाबांनी मुकाट्याने ऐकले.

व्हायचे तेच झाले. वाटेत विमान बदलून आम्ही रोमला उतरलो, तर चार बॅगा आल्या आणि पाचवी आलीच नाही. नेमके तिच्यातच इन्शुलिन आणि आईचा चिवडा. सकाळचे इन्शुलिन पोचल्यावर घ्यायचे ठरले होते, त्याची वेळ टळून गेली. विमानतळावर तक्रारीचा फॉर्म भरून हॉटेल गाठेपर्यंत बाबांचा चेहरा उतरला होता. "काही नाही रे, जरा थकलोय," एवढेच ते म्हणत होते.

हॉटेलवाल्याने डॉक्टरांना बोलावले. त्यांनी साखर तपासली, ती बरीच वाढली होती. पुण्याच्या चिठ्ठीवरची भारतीय ब्रँडची नावे त्यांना कळेनात. तेवढ्यात आईने फोन पुढे केला. केमिस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी तिने प्रत्येक औषधाच्या लेबलचा फोटो काढून ठेवला होता. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली.

हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे इटलीतले औषधांचे दुकान. पैसे देऊन मी निघालो, तर काउंटरवरच्या बाईंनी हाक मारून विचारले, "सिरिंज?" त्या बाबांच्या शबनममध्ये होत्या, म्हणून मी ऐटीत एक काढून दाखवली. बाईंनी जोरात मान हलवली आणि आधी सिरिंजवरच्या, मग बाटलीवरच्या आकड्यावर बोट ठेवले. एकावर ४०, दुसऱ्यावर १००.

भारतात अजूनही पुष्कळ ठिकाणी एका मिलिलिटरला ४० युनिट असलेले इन्शुलिन मिळते आणि त्याच्या सिरिंजही त्याच मापाच्या असतात. अमेरिकेत आणि युरोपात मिलिलिटरला १०० युनिट असतात. भारतातल्या सिरिंजने १४ च्या खुणेपर्यंत तिथले इन्शुलिन भरले असते, तर बाबांच्या अंगात १४ ऐवजी ३५ युनिट गेले असते. अडीचपट! साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकते. एककांच्या अशाच घोळामुळे १९९९ मध्ये 'नासा'चे मंगळाकडे गेलेले यान नष्ट झाले, ही गोष्ट मी ऑफिसात नव्या मुलांना नेहमी सांगतो. त्या संध्याकाळी मी बाबांच्या सगळ्या जुन्या सिरिंज बाजूला काढल्या आणि नव्या सिरिंजने १० युनिट भरताना खूण तीनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी बाबांना हुशारी वाटू लागली आणि खरी सहल सुरू झाली. रोमच्या रस्त्यांवर 'नासोने' नावाचे लोखंडी नळ आहेत. नासोने म्हणजे मोठे नाक. १८७४ पासून शहराला फुकट गार पाणी पाजणारे! तोटी खालून बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजे उडते. लेकीने आजोबांना तीनदा भिजवले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले बाबा पँथिऑनच्या घुमटाखाली अर्धा तास मान वर करून उभे होते. "त्रेचाळीस मीटर, आणि आत सळई नाही!" स्पॅनिश स्टेप्सवर आईने जरा बूड टेकले, तर पोलिसाची शिट्टी वाजली. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे. मग आम्ही कॉफीच्या दुकानात गेलो. तिथे काउंटरशी उभे राहून प्यायली तर कॉफी स्वस्त पडते. बाबांनी बिनसाखरेची घेतली आणि म्हणाले, "कडू आहे, पण झकास!"

तिसऱ्या दिवशी बॅग आली. त्यातले इन्शुलिन आम्ही वापरले नाही. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यायचे असते.

आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी:

१. इन्शुलिन आणि रोजची औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या आणि तिच्यावर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. आपली क्रोसिन अमेरिकेत टायलेनॉल, तर इटलीत ताकिपिरिना होते.

२. परदेशात इन्शुलिन घ्यावे लागले तर सिरिंजही तिथलीच घ्या. ४० च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. पण रंगावर विसंबू नका, आकडा वाचा.

३. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण आधीपासूनच्या आजाराचे काय, ते पॉलिसीत वाचा. आमच्या पॉलिसीत मधुमेह वगळलेला होता, डॉक्टरांची फी खिशातून गेली.

४. बॅग उशिरा आली तर पावत्या जपून ठेवा. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत विमान कंपनीकडे लेखी दावा करावा लागतो. आम्ही केला आणि औषधांचे व कपड्यांचे पैसे परत मिळाले.

त्या औषधाच्या दुकानातल्या बाईंचे नाव विचारायचे राहून गेले. निघायच्या दिवशी आई हट्टाने त्यांना उरलेला चिवडा देऊन आली.

आपली पुढची सहल सुखाची होवो!