वूंड, घाव, जखम आणि 'लागलं'

माझ्या प्रबंधाचा विषय सांगितला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. "शरीराला होणाऱ्या इजेचे मराठी शब्द? त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे? वूंड म्हणजे जखम. झालं!" या 'झालं'मध्ये बरंच काही दडलेलं आहे, म्हणून आजची पोस्ट त्यावर.

आधी इंग्रजी शब्द बघू. स्पेलिंग एक, उच्चार दोन. 'वाउंड' म्हटलं तर गुंडाळलेलं, घड्याळाला चावी दिलेलं. 'वूंड' म्हटलं तर जखम. दोन्ही शब्द मुळात वेगळे, एकमेकांचे कोणी नव्हेत. आपल्याला दुसरा हवा आहे. रोजच्या इंग्रजीत तो ऐसपैस वापरला जातो: सैनिक वूंडेड, अभिमान वूंडेड, अख्खा देशसुद्धा वूंडेड. पण इंग्लंडच्या कायद्यात तोच शब्द एकदम आखडतो. तिथल्या १८६१च्या कायद्यानुसार 'वूंड' व्हायला त्वचा पूर्ण फाटावी लागते, वरचा थर आणि आतलाही. १९८०च्या दशकात एक प्रकरण गाजलं. एअरगनचा छर्रा एका मुलाच्या डोळ्याजवळ लागला आणि डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला. कातडी फाटली नव्हती, म्हणून हे 'वूंड' नाही, असा निकाल लागला. रक्त आलं, पण आतल्या आत.

आता यासाठी मराठीत शब्द शोधा. शोधायला लागतच नाही, तो आपल्या तोंडात आहे: मुका मार.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत, म्हणजे पाथर्डी, जामखेड या पट्ट्यात काम करताना हा शब्द मला सारखा भेटतो. (गावात अजून सगळे 'नगर'च म्हणतात, मीही पुढे तेच म्हणणार आहे.) इथून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. हत्याराचंच नाव माणसांना पडलं. तर कोयता पायावर आला की ती जखम. बैलगाडीवरून पडलं, मोळी अंगावर आली, कातडी शाबूत पण अंग ठणकतंय, तर तो मुका मार. मार बोलत नाही, कारण त्याची खूण दिसत नाही. मला हा शब्द 'वूंड'पेक्षा जास्त शहाणा वाटतो, पण त्याचा एक तोटाही आहे. बातमीत 'मुका मार लागला' असं आलं की आपण पान उलटतो, कारण 'किरकोळ'च असणार असं मनात येतं. पोटावर बसलेल्या माराने प्लीहा फाटू शकते आणि वरून फारसं काही दिसत नाही, हे डॉक्टरांना विचारा.

भारतीय कायद्याने इथे इंग्रजी कायद्यापेक्षा बरी वाट धरली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१९ने 'दुखापत' ठरवताना कातडीचा विषयच काढला नाही. शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता, यापैकी काहीही घडवलं की दुखापत. म्हणजे मुका मार त्यात आपोआप आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्याख्या तीच आहे. फरक गंभीर दुखापतीच्या आठ प्रकारांपैकी शेवटच्यात पडला. तीव्र वेदनेची किंवा नेहमीचे व्यवहार करता न येण्याची मुदत पूर्वी २० दिवस होती, ती १५ झाली.

'दुखापत' हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याचा भाऊबंद 'दुखावणे' आपल्याला थेट लाक्षणिक अर्थाकडे नेतो. इंग्रजी माणूस म्हणतो माझा अभिमान वूंडेड झाला. मराठीत 'अभिमान जखमी झाला' म्हणून बघा, भाषांतर लगेच उघडं पडतं. अभिमान दुखावतो. भावना दुखावतात. त्याहून साधं म्हणजे लागतं: "त्याचं बोलणं मला लागलं." पोर पडलं की आई विचारते, "लागलं का रे?" आणि जावेचा टोमणा ऐकून तीच आई म्हणते, "मला लागलं बाई ते." क्रियापद एकच. अशा बोलण्याला आपण 'लागट' म्हणतो. 'जखमेवर मीठ', 'खपली काढणं' असे नामाचे प्रयोग आहेतच, पण ते जुन्या दुखण्याबद्दल. ताज्या दुखण्याला मराठी बहुधा क्रियापदानेच बोलतं.

आणि या क्रियापदाचं व्याकरण मोठं गमतीचं आहे, खरं तर गंमत नाही, गोम आहे. "मला लागलं." वाक्यात सोसणारा आहे, मारणारा नाही. तो सांगायची व्याकरणाला गरजच नाही. तहान लागते, भूक लागते, तसंच हेही लागतं.

'घाव' बरोबर उलटा. संस्कृत 'घात'वरून आलेला हा शब्द आधी प्रहार आहे आणि मग प्रहाराची खूण. 'एक घाव दोन तुकडे' यात जखम कुठेच नाही, नुसता फटका आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, तिथेही पाथरवटाचा हात दिसतोच. फारसीतून आलेल्या 'जखम'चंही मूळ असंच. फारसीत 'ज़ख़्म' म्हणजे आधी फटका, आणि तार छेडायच्या नखीला तिथे 'ज़ख़्मे' म्हणतात. आपल्याकडे येईपर्यंत त्यातला फटका गळाला आणि फक्त फाटलेली कातडी उरली. इंग्रजीतला 'ट्रॉमा' ग्रीकमध्ये जखमच होता. त्याला मराठीत आपण 'आघात' म्हटलं, म्हणजे पुन्हा 'घात'वर आलो. माझ्या मते हे भाषांतर नकळत चांगलं झालंय. आघात म्हटलं की 'कुणाचा?' असा प्रश्न निदान मनात येतो.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील तर सरकारी दवाखान्यातली ओपीडी डोळ्यांसमोर आणा. बाई येते, सोबत सासरचं कुणीतरी. "काय झालं?" "पडले, लागलं." तपासणीत बाहेरून जखम नाही. कागदावर तेवढंच उतरतं. मार मुका, वाक्य कर्त्याविना, आणि नोंदीसाठी जखम हवी. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसा मानतो, पण त्याआधी कुणीतरी "कशानं लागलं?" याच्या पुढे जाऊन "कुणाचं लागलं?" असं विचारायला हवं. आणि ते सोबतच्या माणसाला बाहेर बसवून.

आतापर्यंत दुखणं आहे पण जखम नाही, असं बोललो. याच जिल्ह्यात याची उलटी बाजूही आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांच्या कामात कुष्ठरोग होता. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. पायात काटा मोडतो, चटका बसतो, जखम चिघळते, आणि माणसाला काहीच लागत नाही. "लागलं का?" या प्रश्नाचं त्याच्याकडे प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच असतं. म्हणून त्याला विचारून भागत नाही. रोज स्वतःचे तळपाय उलटून बघायला शिकवतात, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगतात.