घरचे ताट, बाहेरचे बिल आणि मुलांचे पोषण

बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या पालकांशी आहाराविषयी बोलताना दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले : “बाहेरचं रोज कुठं परवडतं, डॉक्टरसाहेब?” दुसरे, विशेषतः पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील तर : “घरी करण्यातही आता तेवढेच पैसे जातात, शिवाय दमणूक वेगळी.” गंमत अशी की, कधी कधी ही दोन्ही वाक्ये एकाच घरातून येतात. यांतले खरे कोणते हे अंदाजाने ठरविण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक खुलासा करतो. खाण्याच्या बाबतीत इंदूरकरांना उपदेश करण्याचे धाडस सहसा कोणी करू नये. ज्या शहराची सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते, संध्याकाळ छप्पन दुकानात सरते आणि रात्री सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस व गराडू यांचा बाजार भरतो, त्या शहरात ‘बाहेर खाऊ नका’ हा सल्ला टिकणारा नाही. तो देण्याची माझी इच्छाही नाही. प्रश्न आहे तो नेहमीच्या, आठवड्याच्या मधल्या जेवणाचा.

घरच्या जेवणाचा खर्च

चौघांच्या कुटुंबाचे रात्रीचे साधे जेवण घेऊ : वरण, भात, पोळी, एक भाजी, दही आणि कोशिंबीर. आमच्या घरच्या वाणसामानाच्या भावाने हा हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

तूरडाळ २०० ग्रॅम – २६ रुपये
तांदूळ २५० ग्रॅम – १५ रुपये
कणीक ४०० ग्रॅम – १६ रुपये
भाजी अर्धा किलो – ३० रुपये
तेल व तूप – १० रुपये
दही ३०० ग्रॅम – २० रुपये
कांदा, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर, मसाला – १५ रुपये
गॅस – १२ रुपये
एकूण – १४४ रुपये. माणशी ३६ रुपये

हा आकडा फारसा चुकीचा नसावा. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी शिजविलेल्या थाळीचा देशातील सरासरी खर्च प्रसिद्ध करते. पोळी, भाजी, भात, डाळ, दही व सॅलड असलेल्या शाकाहारी थाळीचा त्यांचा आकडा २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत साधारण २६ ते ३३ रुपयांच्या दरम्यान राहिला. डाळीऐवजी कोंबडी घेतली की तो जवळपास दुप्पट होतो.

उपाहारगृहाचे बिल

आता हेच चौघे एखाद्या मध्यम प्रतीच्या उपाहारगृहात गेले असे समजू. पनीरची एक भाजी २९० रुपये, डाळ २१०, दहा तंदुरी रोट्या २५०, जिरा-भात १७०, पापड व सॅलड ८०. बेरीज १,००० रुपये. बहुसंख्य उपाहारगृहांत ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे १,०५० रुपये. माणशी सुमारे २६२. पेट्रोल, पाण्याची बाटली आणि मुलांचे आइसक्रीम मी धरलेलेच नाही.

घरपोच मागविल्यास पेट्रोल वाचते. परंतु अॅपवरचे दर पुष्कळदा प्रत्यक्ष दुकानातल्यापेक्षा चढे असतात. त्यावर बांधणी शुल्क, मंचाचे शुल्क आणि पोहोचविण्याचे शुल्क. या शेवटच्या शुल्कावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के करही लागू झाला आहे. एकंदर बिल १,१५० रुपयांच्या घरात जाते.

म्हणजे घरच्या सामानाच्या तुलनेत बाहेरचे जेवण सातपटीहून महाग पडले. यात मालकाची लबाडी आहे असे मुळीच नाही. उपाहारगृहाच्या व्यवसायात साधारणतः दराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच रक्कम प्रत्यक्ष अन्नसामग्रीवर खर्च होते. उरलेल्यात जागेचे भाडे, आचारी-वाढप्यांचे पगार, व्यावसायिक गॅस, वीज, नासाडी, अॅपचे कमिशन आणि नफा येतो. आपण तेथे जेवणाबरोबर बसायची जागा, सेवा आणि सुटी विकत घेतो. ते घेण्यात गैर काही नाही. फक्त आपण काय विकत घेतले, हे ठाऊक असावे.

हिशेबातली मोठी गाळलेली जागा

वरील १४४ रुपयांत एक रक्कम नाही, आणि तिच्याचमुळे “घरीही तेवढेच पडते” असे म्हणणाऱ्या मातांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. ती रक्कम श्रमांची. भाजी आणणे, निवडणे, चिरणे, कणीक मळणे, पोळ्या लाटणे, ओटा आवरणे यांत दीड-दोन तास जातात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरचे अन्न स्वस्त आहे असे आपण म्हणतो, तेव्हा या २८९ मिनिटांची किंमत शून्य धरलेली असते.

ती शून्य न धरता मांडून पाहू. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी बाई ठेवल्या आणि महिना साडेतीन हजार रुपये दिले, तर एका वेळचे सुमारे ११७ रुपये होतात. १४४ अधिक ११७ म्हणजे २६१ रुपये, माणशी ६५. श्रमांचे पूर्ण मोल देऊनही घरचे जेवण बाहेरच्याच्या एक चतुर्थांश खर्चात होते. “दोन्ही सारखेच” हे विधान चौघांच्या कुटुंबापुरते तरी टिकत नाही.

एकट्या माणसाचे गणित मात्र वेगळे. भंवरकुआँ परिसरात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एकट्यासाठी कुकर लावला, तर अर्धी कोथिंबीर वाळते, दही आंबते आणि गॅस तेवढाच जळतो. त्याला खानावळीचा किंवा डब्याचा दर घरच्या खर्चाच्या जवळ पडतो, कारण तेथे पन्नास जणांचे वरण एका पातेल्यात शिजते. नोकरदार कुटुंबांनाही हा मधला मार्ग मोकळा आहे. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात आणि वरण-भात-भाजी घरी करावी. कष्टाचा सर्वांत मोठा भाग कमी होतो आणि खर्च फारसा वाढत नाही. तसेच कचोरी, समोसा, जिलेबी हे पदार्थ चौघांपुरते घरी तळण्यात पैसा वाचत नाही. कढईभर तेल उरते आणि तेच पुनःपुन्हा वापरले जाते. ते महिन्यातून एखाद्या वेळी चांगल्या दुकानातूनच आणावेत.

मुलाच्या पोटात काय गेले?

येथवरचा हिशेब कोणीही गृहस्थ मांडू शकेल. बालरोगतज्ज्ञाला त्यात आणखी एक स्तंभ जोडावासा वाटतो : खर्च झालेल्या रुपयांतून मुलाच्या वाढीसाठी काय मिळाले?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. वरच्या घरच्या जेवणातील डाळीचा चौथा हिस्सा, म्हणजे ५० ग्रॅम डाळ, त्याने खाल्ली, तर सुमारे ११ ग्रॅम प्रथिने साडेसहा रुपयांत मिळतात. सात-आठ रुपयांचे अंडे सहा ग्रॅम देते. उपाहारगृहात मूल काय खाते ते आठवून पाहावे : दीड रोटी किंवा नूडल्स, भाजीचा रस्सा, पनीरचे दोन तुकडे आणि गोड पेय. डाळ व सॅलड मोठ्यांच्या वाट्याला येते. त्याच्या नावे पडलेल्या २६२ रुपयांतून त्याला मुख्यतः मैदा, लोणी-साय, मीठ आणि साखर मिळाली. पोट भरले, वाढीला लागणारे फारसे काही मिळाले नाही.

आपल्या दवाखान्यांत अलीकडे एकाच मुलात वाढलेले वजन आणि कमी हिमोग्लोबिन अशी जोडी दिसते, तिचे एक कारण येथे आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या ४१ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २८ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षय हा केवळ गरिबाघरचा आजार राहिलेला नाही.

दहा रुपयांची पुडी

महिन्यातून एकदा सराफ्यात जाणाऱ्या कुटुंबाची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती रोजच्या दहा रुपयांच्या पुडीची. शहरी भारतात कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चात पेये, तयार व प्रक्रिया केलेले अन्न यांचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ९ टक्के होता. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात तो ११ टक्क्यांवर गेला. दूध व दुग्धजन्य पदार्थांचा वाटा मात्र सात टक्क्यांच्या आसपास आहे.

दहा रुपयांच्या वेफर्सच्या पुडीत वीस-पंचवीस ग्रॅम माल असतो आणि त्यातून जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने मिळतात. १४० रुपये किलोच्या भावाने दहा रुपयांत सत्तर ग्रॅम शेंगदाणे येतात. त्यांत सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने. फरक दहापटीचा आहे. (पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, दाण्याचे कूट द्यावे.) मोलमजुरी करणाऱ्या आईला उपाहारगृहाचा प्रश्न पडतच नाही, पण कामावर जाताना मुलाच्या हाती ती पुडी ठेवते, कारण पुडी स्वस्त आहे असे तिला वाटते. केंद्राच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणीनुसार पाच जणांच्या कुटुंबाला दोन वेळची शाकाहारी थाळी मिळण्यासाठी औद्योगिक कामगाराच्या दिवसाच्या कमाईतील सुमारे निम्मी रक्कम लागत होती. अशा घरात दहा रुपये कोठे जातात, याला फार महत्त्व आहे.

बाळाचा पहिला घास

हाच न्याय सहा महिन्यांनंतरच्या वरच्या आहाराला लावावा. तयार धान्याहाराचा ३०० ग्रॅमचा डबा अडीचशे-तीनशे रुपयांना पडतो, म्हणजे किलोमागे सुमारे आठशे तीस ते हजार रुपये. तीन भाग तांदूळ व एक भाग मूगडाळ भाजून घरी दळलेले पीठ किलोला शंभर रुपयांच्या आत तयार होते. त्यात चमचाभर तूप, मऊ शिजवलेली भाजी, चालत असल्यास अंड्याचा बलक घालता येतो. तयार डब्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे : त्यात लोह मिसळलेले असते आणि घरच्या खिचडीत ते कमी पडते. परंतु २०१८ पासूनच्या रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोह व फॉलिक आम्लाचे औषध विनामूल्य मिळते. ते आपण कटाक्षाने सुचविले पाहिजे. ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास बालकांना किमान पुरेसा आहार मिळतो, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले वास्तव आहे.

मग करावे काय?

आठवड्यातून दोनदा जेवण मागविणाऱ्या कुटुंबाचे महिन्याचे ९,२०० रुपये होतात. तीच आठ जेवणे घरी केल्यास सामानाला सुमारे १,१५० लागतात. आठ हजार उरतात. त्यांत रोज एक लिटर दूध (१,९५०), चौघांना रोज एकेक अंडे (८४०), रोज साठ रुपयांची फळे (१,८००) आणि वर सांगितलेल्या स्वयंपाकाच्या बाईंचा पगार (३,५००) असे सारे जवळपास बसते. ज्यांच्याकडे अंडे चालत नाही त्यांनी त्या जागी दाणे, फुटाणे, मोडाची कडधान्ये घ्यावीत. शेंगदाण्याच्या लाडवांना तर वेगळा हिशेब मांडण्याचीही गरज नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा झटपट व अतिप्रक्रियायुक्त खाण्याची मर्यादा आठवड्यातून फार तर एक वेळ अशी सांगितली आहे. पालकांना ती समजते आणि पाळताही येते. साखळी उपाहारगृहांना २०२२ पासून पदार्थासमोर उष्मांक लिहिणे बंधनकारक आहे. दहा वर्षांच्या मुलाला तो आकडा वाचायला लावावा, तो आवडीने वाचतो.

शेवटी, घरचे अन्न टिकायचे असेल तर ते एकट्या आईच्या श्रमांवर टिकणार नाही. वडिलांनी कुकर लावणे, आजोबांनी मटार सोलणे, मुलांनी ताटे घेणे आणि कोशिंबीर कालवणे, ही माझ्या लेखी आहारोपचाराचीच अंगे आहेत. आपल्या व्यवसायबंधू व भगिनींना एवढीच विनंती की, वजन-उंचीच्या तक्त्यावर रेष ओढून झाली की “घरी स्वयंपाक कोण करतं, आणि त्यांना मदत कोण करतं?” हा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरावरून पुढचा सल्ला आपोआप सुचतो, आणि तो पाळलाही जातो.