कोमिसारिया म्हणजे आयुक्तालय नव्हे

माद्रिदच्या मेट्रोत पर्समधून पासपोर्ट गेला, की पर्यटकाला 'कोमिसारिया' गाठावी लागते. शब्द इंग्रजी कमिशनरच्या इतका जवळचा, की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे थेट आयुक्तालय उभं राहतं. प्रत्यक्षात ते साधं पोलीस ठाणं. 'कोमिसारियो' हा अधिकारी वरिष्ठ खरा, पण पुण्याला पोलीस आयुक्त एकच असतो आणि स्पेनच्या राष्ट्रीय पोलीस दलात कोमिसारियो कितीतरी असतात. इंग्रजीत 'सुपरिंटेंडेंट' लिहिलं तर दर्जा बराचसा जुळतो.

या ठाण्यात हातात पडणारा कागद म्हणजे 'देनुन्सिया'. इंग्रजी 'डिनाउन्स'शी त्याचं रूप जुळतं, म्हणून त्यात निषेधाचा, धिक्काराचा सूर आहे असं वाटतं. तसं काही नाही. ती आपली फिर्याद. गुन्हा घडल्याचं कळवायचं, तोंडी सांगितलं तरी चालतं, आणि एवढ्यावरून तुम्ही खटल्यातले पक्षकार होत नाही. पक्षकार होण्याचा एक मार्ग म्हणजे 'केरेया': लेखी, वकिलामार्फत, न्यायालयापुढे. इंग्रजी अनुवादात दोन्हींना 'कम्प्लेंट' म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण त्यात नुसता कळवणारा आणि खटला लढवणारा यांतला फरकच पुसला जातो.

त्याच कागदावर आणखी एक शब्द नीट पाहावा. पर्समधून नकळत वस्तू काढली तर ती 'उर्तो', म्हणजे चोरी. धक्का देऊन, धमकावून हिसकावली तर 'रोबो'. इथवर इंग्रजीतली 'थेफ्ट' आणि 'रॉबरी' ही जोडी चालते. पण गाडीची काच फोडून बॅग नेली तरी स्पॅनिश कायदा त्याला रोबोच म्हणतो, कारण बळ वस्तूवर वापरलं गेलं. इंग्रजी कायद्यात रॉबरीला माणसावर बळ किंवा धाक लागतो. गाडीजवळ कुणीच नसताना 'रॉबरी' लिहिलेला अनुवाद विमा कंपनीकडे गेला, तर दावेदारच खोटं बोलतोय असं वाटू शकतं. उर्तोतही 400 युरोची एक रेघ आहे. साधारणपणे तिच्या आतली चोरी हा किरकोळ गुन्हा.

सगळ्यात जास्त घोळ 'सेन्तेन्सिया' घालते. इंग्रजीत 'सेंटेन्स' म्हणजे शिक्षा, म्हणून सेन्तेन्सियाही शिक्षाच असणार, असं गृहीत धरलं जातं. सेन्तेन्सिया म्हणजे निकालपत्र. त्यात सिद्ध झालेली तथ्यं येतात, कायद्याची कारणमीमांसा येते आणि शेवटी 'फायो' येतो, म्हणजे न्यायालयाचा प्रत्यक्ष आदेश. 'सेन्तेन्सिया आब्सोलुतोरिया' ही तर चक्क निर्दोष मुक्तता. सुटलेल्या माणसाच्या कागदावर 'सेंटेन्स' हा शब्द राहिला, तर व्हिसाच्या खिडकीपलीकडचा अधिकारी त्यातून काय समजेल? 'सेन्तेन्सिया फिर्मे' म्हणजेही कडक शिक्षा नव्हे. ज्यावर आता अपील उरलेलं नाही, असा तो अंतिम निकाल.

'इम्पुतादो' म्हणजे आरोप ठेवलेला, हा समज स्पेनमध्येही इतका रुजला होता, की 2015 मध्ये कायद्यातूनच हा शब्द काढला गेला आणि तपासाच्या टप्प्यासाठी 'इन्वेस्तिगादो' आला. इम्पुतादोवर संशय असायचा, तपास चालू असायचा, म्हणून त्याला वकिलासह बाजू मांडायचा हक्क मिळायचा. राजकन्या क्रिस्तिना करप्रकरणात 2014 साली न्यायाधीशासमोर जबाब द्यायला गेल्या तेव्हा त्या इम्पुतादा होत्या. खटला 2016 मध्ये उभा राहिला आणि 2017 मध्ये फौजदारी आरोपातून त्या निर्दोष सुटल्या. 2014 च्या कागदावर 'चार्ज्ड' लिहिणारा अनुवादक तपासातल्या माणसाला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

हे नीट कळायला तिथल्या न्यायव्यवस्थेची घडण माहीत हवी. स्पेनचा फौजदारी प्रक्रियेचा कायदा 1882 चा आहे. त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या, पण तपासाची सूत्रं 'हुएस दे इन्स्त्रुक्सियोन' या न्यायाधीशाकडेच राहिली. इथे 'इन्स्त्रुक्सियोन' म्हणजे तपास, सूचना नव्हे. 'लेवान्तामिएन्तो देल कादावेर' याचा शब्दशः अर्थ मृतदेह उचलणं. इंग्रजीत 'रिमूव्हल ऑफ द बॉडी' लिहिलं की वाटतं, शववाहिका आली आणि देह नेला. पण ही कायदेशीर कारवाई आहे. न्यायाधीश, किंवा त्यांच्या परवानगीने न्यायवैद्यक डॉक्टर, घटनास्थळी येतात, देहाची स्थिती पाहतात, नोंदी होतात आणि मगच देह हलवला जातो. अनुवादक म्हणून मराठी वाचकाला मी हे 'पंचनामा' या एका शब्दात जवळपास पोचवू शकतो. फरक इतकाच, की आपल्याकडे तो सहसा पोलीस करतात. इंग्रजीत मात्र मला अख्खं वाक्य लिहावं लागतं, आणि ते लिहायला मी कधीच कंटाळत नाही.

बाकीची काही नावं थोडक्यात. 'फिस्काल' म्हणजे सरकारी वकील, तिजोरीशी त्याचा संबंध नाही. 'मागिस्त्रादो' हा साध्या न्यायाधीशाच्या वरच्या पायरीवरचा. इंग्लंडचा मॅजिस्ट्रेट तर बहुधा बिनपगारी नागरिक असतो. 'गुआर्दिया सिविल' या नावात सिव्हिल असलं तरी 1844 पासूनचं हे दल लष्करी बाण्याचं आहे, त्याचे हुद्देही लष्करी आहेत. ते नाव तसंच ठेवावं, हे माझं मत. 'प्रोकुरादोर' स्पेनमध्ये पक्षकाराच्या वतीने न्यायालयाचे कागद स्वीकारतो आणि दाखल करतो, तर मेक्सिकोत अलीकडेपर्यंत देशाच्या मुख्य सरकारी वकिलाला हेच पद होतं. म्हणून कागद कोणत्या देशातून आलाय, हे आधी विचारायचं.

स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्याला हे अनुवादाचं काम सहज जमतं, हाही एक समजच. अमेरिकेत अटकेतल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला त्याचे हक्क सांगावे लागतात. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर तो विनामूल्य मिळेल, हा त्यातलाच एक. एका प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याने हे स्पॅनिशमध्ये सांगताना इंग्रजी 'फ्री'साठी 'लिब्रे' वापरला. लिब्रे म्हणजे मोकळा. फुकट म्हणायला 'ग्रातिस' हवा होता. ऐकणाऱ्याला कळलं ते असं, की एखादा वकील रिकामा असेल तर मिळू शकेल. 2013 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हक्काची ही समज अपुरी ठरवली, खालच्या न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि त्या माणसाला दिलेली गुन्ह्याची कबुली मागे घेण्याची वाट मोकळी केली. हेच हक्क त्याआधी त्याला इंग्रजीत बरोबर वाचून दाखवले होते, हा सरकारी बचाव न्यायालयाने मानला नाही. दोन भाषांतून दोन वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या माणसाने त्यातली खरी कोणती, हे कसं ओळखायचं?