भिंतींवाचून बालवाडी

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा गावी बालवाडी उभारावयाची म्हटले की दफ्तरी प्रथम इमारतीचा नकाशा मागितला जाईल. परंतु ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत रुजविलेल्या बालशिक्षणात भिंतींहून अंगणालाच अधिक मान होता, व गुरांमागे जाणाऱ्या मुलांकरिता तर कुरणशाळाच होती. शिंपले, बिया, पाने, खडे हेच तेथील साहित्य. महागडी खेळणी हवीत कोणाला! खानदेशाच्या उन्हात मात्र निंबाची दाट सावली, सकाळचीच वेळ, चाळलेल्या वाळूचा हौद, पाण्याचा माठ आणि नदीच्या अंगाला भक्कम कुंपण, यांवाचून ग्रामपंचायतीने अशा बालवाडीस मंजुरी देऊ नये.