कचऱ्याच्या डब्याचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी कचऱ्याबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून कुणी नाक मुरडलं असेल, तर त्यात काही नवल नाही. चार वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं. तेव्हा आमच्या घरात कचरा म्हणजे रात्री पिशवीत बांधायचा आणि सकाळी दाराबाहेर ठेवायचा, एवढाच संबंध होता.

एका सकाळी आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशी जिन्यात बसलेल्या दिसल्या. तळहाताला पदर गुंडाळलेला आणि पदर लाल झालेला. ‘काय झालं हो मावशी?’ म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘काय नाय बाई, काच व्हती पिशवीत.’ ती पिशवी माझी होती. आदल्या रात्री लोणच्याची बरणी फुटली होती आणि काचा मी भाजीच्या देठांबरोबरच बांधून टाकल्या होत्या. मावशींच्या हाताला चार टाके पडले. आठ दिवस त्यांचं काम बंद, म्हणजे भंगार विकून मिळणारे पैसेही बंद. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण मनाला लागायचं ते लागलंच. शाळेत सत्तावीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, परिसर स्वच्छतेवर मुलांकडून निबंध लिहून घेतले आणि माझ्याच डब्यात काय जातं याकडे माझं लक्ष नव्हतं.

त्या रविवारी गच्चीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि डबा त्यावर उलटा केला. मग आठवडाभर रोजचा कचरा ताणकाट्यावर मोजून वहीत लिहिला. आमचं चार माणसांचं घर. आठवड्याला नऊ किलो कचरा निघाला. त्यात सहा किलो साली, देठं, चहाचा चोथा, उष्टं-खरकटं. दोन किलो कागद, खोकी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या. खऱ्या अर्थाने ज्याचं काहीच होत नाही असा कचरा उरला फक्त किलोभर. म्हणजे एका किलोसाठी आपण आठ किलो चांगला माल नासवत होतो. कारण ओल्या चोथ्यात भिजलेला कागद रद्दीत कुणी घेत नाही आणि पिशवीत कोंडलेल्या सालींचं खतही होत नाही.

सहा किलोंचं काय केलं?

खत करायचं ठरवलं आणि पहिल्याच फटक्याला फसले. रंगाची रिकामी बादली घेतली, त्यात रोजच्या साली टाकल्या, वास येऊ नये म्हणून झाकण घट्ट लावलं. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा शेजारच्या काकूंनीही खिडकी लावून घेतली! अळ्याही पडल्या होत्या.

चूक कळायला वेळ लागला नाही. साली कुजवणाऱ्या जीवाणूंना हवा लागते. हवा कोंडली की दुसऱ्या प्रकारचे, हवेशिवाय जगणारे जीवाणू माजतात आणि दुर्गंधी त्यांच्यामुळे येते. शिवाय सालींमध्ये पाणी फार. त्यात नायट्रोजन भरपूर, पण कार्बन कमी. कार्बन असतो वाळक्या पाल्यात, भुशात, कागदाच्या कपट्यांत. जीवाणूंना दोन्ही हवं. आपल्याला नुसती आमटी पुरत नाही, भातही लागतो, तसंच हे.

दुसऱ्या वेळी भाजीवाल्याकडून जाळीचा जुना क्रेट दीडशे रुपयांना आणला. आतून गोणपाट लावलं, तळाला नारळाच्या शेंड्या पसरल्या. सोसायटीच्या आवारात जो पाला झाडून पेटवून देत, तो दोन पोती भरून घेतला. आता रोज एक मूठ ओल्या कचऱ्यावर दोन मुठी वाळका पाला टाकते. सुरुवातीला विरजण म्हणून वाडगाभर आंबट ताक आणि एका मैत्रिणीकडचं थोडं तयार खत घातलं. आठवड्यातून दोनदा खालीवर करते. ओल बरोबर आहे का हे बघायला एक मूठ घट्ट दाबायची. पाणी ठिबकलं तर पाला वाढवायचा, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर सांडलं तर पाण्याचा हबका मारायचा. तेलकट भाजी, हाडं, मासळीचे काटे मी त्यात घालत नाही. पावसाळ्यात थोडा वेळ लागतो, एरवी दोन-अडीच महिन्यांत काळं, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत मिळतं. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला ते पुरून उरतं.

साबण, सोडा आणि लिंबूफूल

घर स्वच्छ करायच्या बाटल्यांचं कपाटही मी तपासलं. फरशीची वेगळी, काचेची वेगळी, नळाची वेगळी, ओट्याची वेगळी! त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांचं काम तीन-चार स्वस्त वस्तू करतात. मात्र कुठली वस्तू कुठे चालते, हे समजून घ्यायला हवं.

पहिली वस्तू रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. म्हणून मळ सुटतो आणि फेसही येतो. दहा-पंधरा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून, कुस्करून गाळायचे. रेशमी साड्या, लोकरीचे स्वेटर, सोन्याचे दागिने यांच्यासाठी याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. पण खरं सांगायचं तर मुलांच्या शर्टाची कॉलर आणि तळणाची कढई यांच्यापुढे रिठा हात टेकतो. शिवाय हे पाणी तीन-चार दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करावं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं.

ओट्यावरच्या चिकट तेलाला दुसरी वस्तू, धुण्याचा सोडा. गरम पाण्यात चमचाभर विरघळवला की तेल सुटतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र तो लावायचा नाही, ती काळी पडतात. हातमोजेही घालावेत. तिसरी वस्तू वाण्याकडे मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल. बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे थर बसतात, ते चुन्याचे असतात. आम्लात चुना विरघळतो, त्यामुळे लिंबूफुलाच्या पाण्याचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की नळ लख्ख. पण हाच नियम उलटाही फिरतो. संगमरवर, शहाबादी फरशी, कडप्पा हे सगळे चुन्याच्याच जातीचे दगड. त्यांच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की चकाकी जाते आणि परत येत नाही. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावरचा पांढुरका गोल डाग मी अजून बघते आहे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळं साफ करा, असा सल्ला हल्ली जिथे तिथे मिळतो. फसफसतं छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती उरतं जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वापरा, पण वेगवेगळी. आणि एक गोष्ट कधीच करू नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो.

तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ आहेच. घासायला काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घ्या. वेलावर एक घोसाळं जून होईपर्यंत राहू दिलं की वर्षभराची घासणी तयार. झिजली की तीही खताच्या क्रेटमध्ये जाते.

दंड घातलेलं लुगडं

आता कापडाकडे येते. माझ्या आजीचं लुगडं मध्यभागी विरलं की ती तेवढा भाग काढून टाकी आणि दोन्ही चांगले भाग जोडून पुन्हा नेसायची. याला लुगड्याला दंड घालणं म्हणत. तेही विरलं की गोधडीत जाई, गोधडी फाटली की पायपुसणं. मधल्या काळात बोहारीण दारात यायची आणि चार जुन्या साड्यांवर एक स्टीलचं पातेलं घासाघीस करून दिलं जायचं. यातल्या कुणी पर्यावरण हा शब्द ऐकलेला नव्हता. वस्तू महाग होती आणि हात मोकळे होते, एवढंच.

आज उलटं झालंय. प्रत्येक समारंभात कापडी पिशवी भेट मिळते. माझ्या कपाटात तशा एकोणीस निघाल्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. हवामानावरच्या परिणामाच्या दृष्टीने पाहिलं, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला नवी सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. कापसाला पाणी, खत, वीज सगळंच लागतं. प्लॅस्टिक गटारात अडकून करतं ते नुकसान या आकड्यात नाही, त्यामुळे प्लॅस्टिक बरं असा अर्थ कुणी काढू नये. 26 जुलै 2005 चा मुंबईतला पाऊस आपण विसरलेलो नाही. पण नव्या पिशव्या जमवणं म्हणजे पर्यावरण राखणं नव्हे, एवढं नक्की. जुन्या चादरीची पिशवी शिवा आणि तीच रोज न्या.

कापड निवडतानाही थोडा विचार हवा. सुती साडी पाणी शोषते, म्हणून फडकं, पोतेरं, गोधडी तिचं. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण ताकदीला दणकट, म्हणून बाजाराची पिशवी त्याची.

सगळंच पुन्हा वापरू नये

उत्साहात मी बाटल्या रंगवून, टिकल्या चिकटवून कुंड्या केल्या होत्या. वर्षभरात उन्हाने तडकल्या. स्वच्छ बाटलीचे भंगारात पैसे येतात. रंग आणि डिंक लागलेली बाटली कुणी घेत नाही. म्हणजे मी चांगल्या मालाचा कचरा केला. रंगाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्यात धान्य, पाणी कधीही ठेवू नये. भजी, वडे छापील वर्तमानपत्रावर काढू नयेत. शाई पोटात जाते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसं बजावलं आहे. आणि पाण्याची एकदाच वापरायची बाटली महिनोन्‌महिने भरत बसण्यापेक्षा स्टीलची एक घ्यावी.

मात्र घरातले धड प्लॅस्टिकचे डबे फेकून महागडे बांबूचे आणू नका. आहे ते तुटेपर्यंत वापरणं सगळ्यांत स्वस्त. विकतच घ्यायचं तर हिशेब करून घ्यावं. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट जळतात. त्याच्या जागी नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला तर दीड युनिटही लागत नाही. अशी खरेदी काही महिन्यांत पैसे परत करते.

लाल ठिपका

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना 1993 मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करू लागली. या बायकांनी लोकांना एक साधी विनंती केली होती. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला हाताने उघडून बघावं लागणार नाही. आता मी फुटलेली काचही जाड कागदात गुंडाळते, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालते, वर मोठा लाल ठिपका काढते आणि मावशींच्या हातात सांगून देते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, लटकता ठेवते. तो चिमुकला तुकडा एकदा वेगळा झाला की कुणालाच वेचता येत नाही. पिशव्या धुऊन, वाळवून मावशींनाच देते. त्यांचे पैसे त्यांना मिळतात.

आमचा आठवड्याचा कचरा आता किलोच्या आसपास आला आहे. मध्यंतरी मावशींनी बादली उचलून बघितली आणि विचारलं, ‘गावाला गेला व्हता का बाई?’ मी म्हटलं, ‘नाही हो, घरीच होते.’ त्या हसल्या. बादली घेतली तेव्हा तळहातावरचा तो आडवा वण मला दिसला. तो तसाच राहणार आहे.

तुम्ही सगळं एकदम करू नका, मीही केलं नाही. एकच आठवडा डब्यात काय जातं ते मोजून लिहून ठेवा. पुढे काय करायचं, ते तुमची वहीच सांगेल.